लष्करी विमान बेपत्ता होते म्हणजे नेमके काय होते?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६८ साली लेहला निघालेले हवाई दलाचे विमान पस्तीस वर्षे सापडले नाही हे एक वेळ समजू शकते, पण २०१६ मध्ये, उपग्रहांच्या आणि जीपीएसच्या काळात, २९ माणसे घेऊन निघालेले विमान साडेसात वर्षे सापडू नये हे कसे शक्य आहे? अशा प्रकरणांत काही दडवले जाते का? आणि शासन शोध थांबवते तेव्हा ते हात झटकते, असे समजायचे का?

मी हवाई दलात वाहतूक विमानांवर नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग आणि जागा यांचा हिशेब ठेवणारा अधिकारी, होतो आणि नंतरच्या काळात शोधकार्याच्या नियोजनाशीही माझा संबंध आला, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने, म्हणजे नकाशाच्या टेबलाकडून, देतो आहे.

कोणताही शोध एका बिंदूपासून सुरू होतो. विमानाची शेवटची खात्रीशीर जागा नकाशावर मांडायची, ती नोंद किती वाजताची आहे ते लिहायचे, त्यानंतर विमान किती वेळ उडू शकले असते हे इंधनावरून आणि वेगावरून काढायचे, वाऱ्याचा हिशेब धरायचा आणि मग त्या बिंदूभोवती वर्तुळ काढायचे. आमच्याकडे त्या बिंदूला डेटम म्हणतात. शोध लागतो की नाही हे बहुतांशी दोनच गोष्टींवर ठरते: डेटम किती पक्का आहे आणि त्या वर्तुळात खाली काय आहे. हवाई दलाच्या एएन-३२ सारखे दोन इंजिनांचे वाहतूक विमान ताशी साधारण साडेचारशे किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे मिनिटाला साडेसात किलोमीटर. वैमानिक दर अर्ध्या तासाने आपली जागा कळवत असेल, तर दोन नोंदींच्या मध्ये सव्वादोनशे किलोमीटरचा असा पट्टा उरतो की ज्याविषयी जमिनीवरच्या माणसाला काहीही माहीत नसते. ही गोष्ट एकदा लक्षात घेतली की पुढच्या बऱ्याच घटनांचा उलगडा आपोआप होतो.

आता १९६८ चे विमान घेऊ. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी बीएल-५३४ या क्रमांकाचे चार इंजिनांचे एएन-१२ चंदिगडहून लेहकडे निघाले. विमानात १०२ जण होते आणि त्यांतले बहुतेक लडाखमधील आपापल्या पलटणींकडे निघालेले जवान होते. पुढे हवामान खराब असल्याने वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतला आणि रोहतांग खिंडीच्या परिसरातून झालेल्या संपर्कानंतर विमानाचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. त्या मार्गावर तेव्हा रडारचे छत्र नव्हते. कुलूचे खोरे, रोहतांग, त्यापलीकडे लाहौल आणि मग हिमालयाची मुख्य रांग ओलांडून लेह, असा तो रस्ता आहे, आणि ढग भरून आले की खालचे काहीच दिसत नाही. त्यामुळे वैमानिकाने सांगितलेली जागा ही त्याच्या अंदाजाची जागा असते.

‘परत फिरतो’ या संदेशाचा अर्थ कागदावर फार सरळ वाटतो. प्रत्यक्षात एवढे जड विमान ढगात वळवायला काही मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत वारा आपले काम करीतच असतो. हिवाळ्यात हिमालयावरून वाहणारा पश्चिमेचा वारा त्या उंचीवर ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. वळण घेणारे विमान अशा वाऱ्यात पूर्वेकडे सरकते, आणि रोहतांगच्या पूर्वेला चंद्रभागा गटाची सहा हजार मीटरहून उंच शिखरे उभी आहेत. विमानाचे अवशेष अखेर सापडले ते त्याच गटातल्या ढाका हिमनदीवर. अपघाताचे कारण मी यातून सिद्ध करीत नाही. परंतु नॅव्हिगेटर म्हणून मला त्या जागेचे आश्चर्य वाटले नाही, एवढेच म्हणतो.

त्या वेळच्या शोधात काहीच हाती लागले नाही आणि जिथे काहीच हाती लागत नाही तिथे तर्कांना ऊत येतो. विमान शत्रूच्या हद्दीत उतरले असावे, जवान कैदेत असावेत, अशा शंका घेतल्या गेल्या आणि कित्येक घरांनी त्या शंकेच्या आधारावर वर्षानुवर्षे वाट पाहिली. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेची एक तुकडी चंद्रभागा-१३ या शिखराच्या मोहिमेवर असताना तिला हिमनदीवर विमानाचे तुकडे आणि एका जवानाचे अवशेष दिसले. म्हणजे ज्याला शोध म्हणावे असे काही त्या दिवशी चाललेले नव्हते. विमान बर्फातून आपणहून वर आले होते.

ते वर कसे येते हे थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण ‘इतकी वर्षे तिथे कोणी पाहिलेच नाही का’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. हिमनदीच्या वरच्या भागात दर वर्षी जितका बर्फ वितळतो त्याहून अधिक साचतो. तिथे पडलेली वस्तू पहिल्याच मोसमात झाकली जाते, पुढच्या हिवाळ्यात तिच्यावर आणखी एक थर बसतो आणि असे करीत ती वस्तू खोल जाते. फेब्रुवारीत पडलेले विमान तर काही दिवसांतच दिसेनासे झाले असेल. दरम्यान हिमनदी स्वतः उताराकडे सरकत असते आणि आपल्या पोटातले सगळे बरोबर नेत असते. खालच्या भागात परिस्थिती उलटी असते. तिथे साचण्यापेक्षा वितळणे अधिक, त्यामुळे वरचे थर निघून जातात आणि दशकांपूर्वी गाडली गेलेली वस्तू उघडी पडते. जी वस्तू जिथे पडली तिथे ती सापडत नाही, आणि सगळ्या वस्तू एका वेळीही सापडत नाहीत, कारण बर्फाचा वेग हिमनदीच्या मधोमध जास्त आणि कडेला कमी असतो. एकाच अपघातातील इंजिन एका ठिकाणी, पंख्याचे पाते दुसऱ्या ठिकाणी आणि माणसे तिसऱ्याच ठिकाणी वर येतात, आणि त्यांच्यामध्ये कित्येक वर्षांचे अंतर असू शकते.

ढाका हिमनदीवर नेमके हेच होत आले आहे. २००३ नंतर लष्कराने तिथे अनेक मोहिमा केल्या, त्यांत डोगरा स्काउट्सचा मोठा वाटा आहे. २०१९ च्या मोहिमेत इंजिन, विमानाच्या सांगाड्याचे भाग, इंधनटाकीचा भाग, पंख्याची पाती, कॉकपिटचे दार असे बरेच काही मिळाले. तोवर सापडलेल्या देहांची संख्या मात्र पाचच होती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी चार देह मिळाले. त्यांपैकी एक केरळचा, लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचा (ईएमई) क्राफ्ट्समन होता. तो गेला तेव्हा जेमतेम बाविशीचा होता आणि छप्पन्न वर्षांनी त्याच्या गावातील चर्चमध्ये लष्करी इतमामात त्याचा दफनविधी झाला. ओळख पटली ती मुख्यतः अंगावरच्या कागदपत्रांमुळे. गोठलेल्या बर्फात लोकरी कपडा, खिशातला कागद, धातूचा बिल्ला हे सारे टिकते. सियाचीनमध्येही असेच घडते. १९८४ च्या मे महिन्यात ऑपरेशन मेघदूतच्या वेळी हिमस्खलनात गेलेले कुमाऊँ रेजिमेंटचे लान्स नाईक चंद्रशेखर हरबोला २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडले, ते त्यांच्या क्रमांकाच्या धातूच्या बिल्ल्यावरून ओळखले गेले. आल्प्समध्ये माँ ब्लाँच्या उतारावर १९६६ साली एअर इंडियाचे जे विमान कोसळले, ज्यात डॉ. होमी भाभा होते, त्यातली परराष्ट्र मंत्रालयाच्या राजनैतिक टपालाची थैली आणि वर्तमानपत्रेदेखील बोसों हिमनदीने अलीकडच्या दशकात परत दिली आहेत.

समुद्राचे तसे नाही. समुद्र काही परत देत नाही, जे आणायचे ते जाऊनच आणावे लागते. म्हणून २०१६ चे प्रकरण १९६८ च्या तुलनेत तांत्रिकदृष्ट्या अधिक अवघड होते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

२२ जुलै २०१६ रोजी के-२७४३ हे एएन-३२ सकाळी साडेआठ वाजता चेन्नईजवळच्या तांबरम तळावरून पोर्ट ब्लेअरकडे निघाले. सहा जणांचे कर्मचारी पथक, हवाई दलाचे ११ जण, लष्कराचे दोन, नौदल व तटरक्षक दलाचा प्रत्येकी एक आणि विशाखापट्टणमच्या नौदल शस्त्रास्त्र आगाराचे आठ मुलकी कर्मचारी, असे एकूण २९ जण विमानात होते. ९ वाजून १२ मिनिटांनी, चेन्नईच्या पूर्वेला सुमारे १५१ सागरी मैलांवर (एक सागरी मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर), २३ हजार फुटांवरून जाणारे हे विमान डावीकडे वळताना आणि झपाट्याने उंची गमावताना रडारवर दिसले आणि मग दिसेनासे झाले.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण ‘रडारवरून नाहीसे झाले’ याचा अर्थ ‘त्या ठिकाणी पाण्यात पडले’ असा घेतला जातो आणि तो चुकीचा आहे. रडारची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. समुद्रसपाटीजवळच्या रडारला किती दूरचे विमान दिसेल याचा आमचा ठोकताळा असा: उंची फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला १.२३ ने गुणा, उत्तर सागरी मैलांत येते. २३ हजार फुटांसाठी हे अंतर साधारण १८६ सागरी मैल येते, म्हणजे विमान नेहमीच्या उंचीवर असताना रडारच्या नजरेत होते. हाच हिशेब उलटा केला तर १५१ सागरी मैलांवर रडारला सुमारे १५ हजार फुटांच्या खालचे काहीही दिसत नाही. रडारचा खांब उंचावर असेल तर आकडा थोडा बदलेल, पण मुद्दा बदलत नाही. विमान साडेचार किलोमीटर उंचीवर असतानाच रडारच्या क्षितिजाखाली गेले आणि त्यानंतर पाण्यापर्यंतचा त्याचा प्रवास कोणत्याही यंत्राने पाहिला नाही. तेवढ्या वेळात ते सरळ खाली आले, गोल फिरत आले की सावरण्याच्या प्रयत्नात काही मैल पुढे गेले, हे रडारच्या नोंदीवरून सांगता येत नाही.

आता वर्तुळ काढू. ही अनिश्चितता फक्त दहा सागरी मैलांची धरली तरी क्षेत्रफळ सुमारे १,०८० चौरस किलोमीटर होते. वीस सागरी मैल धरली, तर ते चौपट होऊन ४,३०० च्या पुढे जाते. त्या जागी समुद्राची खोली साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजे, पी-८आय ही सागरी टेहळणी विमाने, हवाई दलाची सी-१३० वाहतूक विमाने आणि एक पाणबुडी असा मोठा ताफा कामाला लावला गेला. परंतु या साऱ्यांचा उपयोग पाण्यावर तरंगणारे काही असेल तर होतो. जुलै महिन्यात बंगालच्या उपसागरात मोसमी वारे आणि उसळता समुद्र असतो, त्यात तेलाचा तवंग किंवा एखादी गादी तरंगत असलीच तर ती काही तासांत विखुरते. उपग्रहाला पाण्याखालचे दिसत नाही. संकटसूचक यंत्र, ज्याला आपण ईएलटी म्हणतो, ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश पाठवते, पण रेडिओ लहर समुद्राच्या पाण्यात शिरताच विझते. विमान यंत्रासकट बुडाले की ते यंत्र मुके होते. पाण्याखाली फक्त ध्वनी चालतो. त्यासाठीचे वेगळे यंत्र ३७.५ किलोहर्ट्झवर टिकटिक करते, त्याची बॅटरी जुन्या मानकांप्रमाणे तीस दिवस पुरते आणि त्याचा आवाज साधारण दोन-तीन किलोमीटर अंतरापर्यंत ऐकू येतो. साडेतीन किलोमीटर खोलीवर असे यंत्र वाजत असले तरी पृष्ठभागावरच्या जहाजाला ते ऐकू येण्याची शक्यता फार थोडी. त्यासाठी श्रवणयंत्र लांब तारेने खोलवर ओढत न्यावे लागते.

शेवटी उरतो तो समुद्रतळ इंच-इंच पाहण्याचा मार्ग. तळाजवळून पोहणारे मानवविरहित यान साधारण ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने जाते. दोन्ही बाजू मिळून ४०० मीटरचा पट्टा ते नीट पाहू शकते असे धरले, तर तासाला दोन-सव्वादोन चौरस किलोमीटर काम होते. दहा सागरी मैलांच्या वर्तुळाला न थांबता वीस दिवस लागतील, आणि वीस मैलांच्या वर्तुळाला ऐंशीहून अधिक. प्रत्यक्षात पट्टे एकमेकांवर चढवावे लागतात, बॅटरी भरायला यान वर आणावे लागते, हवामान बिघडले की जहाज परत फिरते, आणि इतक्या खोल जाणारी याने देशाकडे मोजकीच असतात. १२ जानेवारी २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले की चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या अशाच एका यानाने, शेवटच्या ज्ञात जागेच्या परिसरात, किनाऱ्यापासून सुमारे १४० सागरी मैलांवर आणि ३,४०० मीटर खोलीवर अवशेषांची छायाचित्रे घेतली आहेत. ती एएन-३२ च्या रचनेशी जुळतात आणि त्या परिसरात दुसरे कोणतेही विमान बेपत्ता झाल्याची नोंद नाही, म्हणून हे अवशेष के-२७४३ चे असावेत. मंत्रालयाने ‘असावेत’ इतकेच म्हटले, हे मला योग्य वाटते. काही वृत्तपत्रांनी मथळ्यात त्याचे ‘आहेत’ करून टाकले.

खोली हाच प्रश्नाचा गाभा आहे हे पटत नसेल, तर आणखी दोन अपघात शेजारी ठेवून पाहावेत. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० सागरी मैलांवर नौदलाचे मिग-२९के प्रशिक्षण विमान समुद्रात कोसळले. एका वैमानिकाची लगेच सुटका झाली आणि कमांडर निशांत सिंह यांचा देह अकराव्या दिवशी मिळाला. तिथे पाण्याची खोली ७० मीटर होती. जून २०१५ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ तटरक्षक दलाचे डॉर्नियर तीन जणांसह बेपत्ता झाले. तिथे पाणी सुमारे ९५० मीटर खोल होते. सिंधुध्वज या पाणबुडीने पाण्याखालच्या यंत्राचा आवाज टिपला आणि तेलउत्खननासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑलिम्पिक कॅन्यन या खासगी जहाजाच्या मदतीने महिन्याभरात अवशेष सापडले. ७० मीटर, ९५० मीटर आणि ३,४०० मीटर. अकरा दिवस, एक महिना आणि साडेसात वर्षे. तिन्ही प्रकरणांत शोधणारी माणसे एकाच दर्जाची होती.

जमिनीवरही असेच आहे, फक्त पाण्याची जागा जंगल घेते. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले एएन-३२ तेरा जणांसह अरुणाचलात हरवले आणि ते आठव्या दिवशी लिपोच्या उत्तरेला, सुमारे १२ हजार फुटांवर एका हेलिकॉप्टरला दिसले. तेही जळालेला उतार वरून ओळखू आला म्हणून. देह आणायला गेलेले गिर्यारोहकांचे पथक हवामानामुळे दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याच डोंगरात अडकून पडले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. याच टापूत दुसऱ्या महायुद्धात आसामहून चीनकडे रसद नेणारी अमेरिकी विमाने पडली. त्या मार्गावर एकूण सुमारे ६०० विमाने गमावली गेली आणि त्यांतली कित्येक अजून दऱ्यांत आहेत. जानेवारी १९४४ मध्ये हरवलेले एक बी-२४ बॉम्बफेकी विमान २००६ साली सापडले, तेही स्थानिक शिकाऱ्यांना ठाऊक असलेल्या वाटांनी जाऊन. पासीघाटला आता या विमानांच्या अवशेषांचे संग्रहालय आहे. अरुणाचलात शोधाला निघणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला हाच असतो की उपग्रहचित्र उघडण्याआधी गावबुढ्याला, म्हणजे गावच्या मुखियाला, भेटा.

एक विमान मात्र अजूनही कुठेच नाही. २५ मार्च १९८६ रोजी सोव्हिएत संघाकडून नवे कोरे आणले जाणारे एएन-३२ मस्कतहून जामनगरकडे येताना अरबी समुद्रावर सात जणांसह नाहीसे झाले. मोकळ्या समुद्रावर तेव्हा रडार पोहोचत नव्हते, जीपीएस नव्हते, आणि जागा कळत होती ती अधूनमधून रेडिओवर दिलेल्या नोंदींवरून. सुरुवातीला सांगितलेला सव्वादोनशे किलोमीटरचा अंधारा पट्टा तो हाच. इथे डेटमच नाही, म्हणून वर्तुळही काढता येत नाही. आजच्या यंत्रांनी मुद्दाम शोध घ्यावा अशी शिफारस मी करणार नाही; खनिजांसाठी किंवा केबल टाकण्यासाठी होणाऱ्या समुद्रतळाच्या सर्वेक्षणात ते कधी योगायोगाने दिसले तर दिसेल.

शोध थांबवण्याविषयी. २०१६ चा शोध सप्टेंबरच्या मध्यात थांबवला गेला आणि विमानातील सर्वांना मृत मानण्यात येत असल्याचे कुटुंबांना कळवण्यात आले. हे वाचून राग येणे साहजिक आहे, परंतु या निर्णयाला दोन वेगळ्या बाजू आहेत. जिवंत माणूस सापडण्याची मुदत पाण्याचे तापमान, जखमा आणि तराफ्याची उपलब्धता यांवरून ठरते आणि ती महिन्यांत मोजावी लागत नाही. त्यानंतरचे काम बचावाचे नसून अवशेष मिळवण्याचे असते आणि त्यासाठी साधने वेगळी लागतात. दुसरी बाजू कायद्याची आहे. सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला मृत मानण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती आणि आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. जवानाच्या बायकोने निवृत्तिवेतनासाठी सात वर्षे थांबायचे का? म्हणूनच सेनादले कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अंतर्गत चौकशी मंडळ, नेमून परिस्थितीजन्य पुराव्यावरून मृत्यू मान्य करतात. तो शिक्का कुटुंबाला निष्ठुर वाटतो, पण तो बसला नाही तर बँकेचे खाते, शेताचा सातबारा, मुलांची फी, सगळेच अडते. माझी तक्रार निर्णयाविषयी नाही, तो कळवण्याच्या रीतीविषयी आहे. घरच्यांना कोणत्या वर्तुळात काय पाहिले आणि काय पाहता आले नाही हे नकाशावर दाखवून समजावून सांगितले पाहिजे, आणि तसे क्वचितच होते.

राहिला दडवण्याचा प्रश्न. अपघाताने हरवलेली विमाने आणि युद्धात बेपत्ता झालेली माणसे या दोन गोष्टींची गल्लत करू नये. के-२७४३ विषयी दडवण्यासारखे काही होते असे मला दिसत नाही. १९७१ च्या युद्धातील बेपत्तांचे प्रकरण मात्र वेगळ्या जातीचे आहे, कारण तिथे माणूस जिवंत पकडला गेल्याच्या खुणा आहेत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे मराठी नाव त्या ५४ बेपत्तांच्या यादीत आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट रोड तळावरच्या हल्ल्यात त्यांचे सुखोई-७ पडले आणि पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव त्या वेळच्या पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले. मेजर ए. के. घोष यांचे गजांआडचे मानले गेलेले छायाचित्र अमेरिकी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात आहे. मेजर अशोक सूरी यांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी युद्धानंतर तीन वर्षांनी घरी पोहोचली. भारताने ९३ हजार युद्धकैदी परत केले, पण या ५४ जणांविषयी पाकिस्तानने आपल्याकडे असे कोणी नसल्याचेच सांगितले. नातेवाइकांची शिष्टमंडळे १९८३ आणि २००७ मध्ये तिथल्या तुरुंगांत जाऊन आली. दुसऱ्या शिष्टमंडळात तांबे यांच्या पत्नी, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे, होत्या. हाती काही लागले नाही. इथे वर्तुळ काढून उपयोग नाही. प्रश्न नोंदवह्यांचा आणि त्या उघडण्याच्या इच्छेचा आहे, आणि तो नॅव्हिगेटरच्या कक्षेबाहेरचा आहे.

माझ्या कक्षेतले सांगायचे तर दोन गोष्टी करण्याजोग्या आहेत. समुद्रावरून जाणाऱ्या प्रत्येक लष्करी वाहतूक विमानात पाण्याखाली वाजणारे, नव्वद दिवस टिकणारे यंत्र आणि दर मिनिटाला उपग्रहामार्फत जागा कळवणारी प्रणाली असली पाहिजे. वर्तुळ लहान करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. आणि ढाका हिमनदीवर दर वर्षी जावे. मोठ्या मोहिमेची गरज नाही. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, नवा बर्फ पडण्याआधी, हिमनदीच्या खालच्या अंगाला आठ-दहा जणांच्या तुकडीने दोन आठवडे चालून यावे, दिसलेल्या प्रत्येक तुकड्याची जागा जीपीएसवर नोंदवावी आणि ती नोंद पुढच्या वर्षीच्या तुकडीच्या हाती द्यावी. अशा चार-पाच वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की बर्फ कोणत्या ओळीत किती वेगाने सरकतो आहे हे कळेल, आणि उरलेली माणसे कुठे व साधारण केव्हा वर येतील याचा अंदाज बांधता येईल.